गुलाबी म्हणजे नुसता संशय

नवरात्रात सकाळच्या गर्दीला मुलुंड स्टेशनात उभं राहिलं की कॅलेंडर बघावं लागत नाही. लेडीज डबा समोर येऊन थांबला की वार कळतो. डबा लाल दिसला तर मंगळवार, पिवळा दिसला तर गुरुवार, हिरवा दिसला तर शुक्रवार. त्या हिरव्या डब्यात दाराशी एखादी बाई जांभळ्या ड्रेसमध्ये उभी असली, तर फलाटावर तिच्याबद्दल लगेच तीन शक्यता निघतात. तिच्या घरी पेपर येत नसेल, तिचा हिरवा ड्रेस इस्त्रीवाल्याकडे अडकला असेल, नाहीतर ती मुळातच शिष्ट असेल. गाडी सुटेपर्यंत तिसऱ्या शक्यतेवर एकमत झालेलं असतं.

उपनगरातला माणूस रंगावर चालतो. अंधेरीत मेट्रो निळी, पिवळी, लाल अशा रंगांत मिळते आणि रंग चुकला तर घाटकोपरला निघालेला माणूस दहिसरला पोचतो. रिक्षा काळीपिवळी, बेस्ट लाल. आंबा पिवळा झाला की पिकला आणि शेजाऱ्याचा चेहरा पांढरा पडला की त्याच्या मुलाचा निकाल लागला. इतक्या सरावानंतर रंगावरून ओळखणं हे काही शिकायचं शास्त्र आहे, असं आपल्याला वाटतच नाही.

माझी भाची मात्र हेच काम पगार घेऊन करते. सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. करून ती अंधेरीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली. ती तिथं नेमकं काय करते, याबद्दल घरात एकवाक्यता नाही. ताईच्या मते ती ‘जंतूंना रंग देते’. मेहुण्यांच्या मते ती ‘डॉक्टरच, पण सुई न टोचणारी’. आजी सगळ्यांत नेमकं सांगते : ‘ती जंतूंना जेवायला घालते आणि कोण काय खातंय ते बघते.’ आजीचं शिक्षण सातवी, पण या विषयात तिच्या पुढे जाण्यासारखं फारसं काही नाही.

जंतू दिसायला अगदीच सामान्य असतात. मायक्रोस्कोपखाली ई. कोलाय, क्लेबसिएला आणि टायफॉइडचा साल्मोनेला या तिघांच्या काड्या सारख्याच. ग्राम स्टेन केला तरी तिघेही गुलाबी. आडनाव विचारायची सोय नाही. म्हणून त्यांना पानावर बसवायचं आणि खाण्यावरून ओळखायचं, अशी युक्ती आल्फ्रेड मॅकॉन्की नावाच्या डॉक्टरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिव्हरपूलमध्ये काढली. त्याच्या माध्यमात, म्हणजे जंतूंना वाढायच्या जेवणात, पित्तातले क्षार असतात, त्यामुळे आतड्यात राहायची सवय नसलेले बहुतेक जंतू उंबऱ्यावरूनच परत जातात. जे आत येतात त्यांच्यापुढे दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज वाढलेली असते आणि सोबत न्यूट्रल रेड हा रंग. ज्यानं लॅक्टोज खाल्लं, त्याच्याकडून आम्ल सुटतं आणि त्या आम्लानं तो स्वतःच गुलाबी होतो. ज्यानं खाल्लं नाही, तो फिकट राहतो.

हे थेट आपल्या रेशनकार्डासारखं आहे. महाराष्ट्र सरकारनं आपली वाटणी पिवळं, केशरी आणि पांढरं अशा तीन रंगांत केली. कार्डाच्या रंगावरून दुकानदाराला एवढंच कळतं, की या घराला धान्य मिळणार का आणि कोणत्या भावानं. कार्डधारकाचं नाव, गाव, स्वभाव, उधारी बुडवायची सवय यातलं काहीही रंगावरून कळत नाही. मॅकॉन्कीच्या प्लेटवरचा गुलाबी रंगही एवढंच सांगतो, की या गृहस्थानं लॅक्टोज उचललं. ई. कोलाय गुलाबी आणि क्लेबसिएलाही गुलाबी. फरक एवढाच, की क्लेबसिएला चिकट, लूप, म्हणजे नमुना उचलायची छोटी कडी, टेकवून वर उचलला की तार सुटते. उलट टायफॉइडचा साल्मोनेला आणि आमांशाची शिगेला लॅक्टोजला तोंडही लावत नाहीत. लॅबच्या भाषेत ते ‘एनएलएफ’. कुठलाही रंग नसलेले, साधे, सज्जन दिसणारे. बाह्यरुग्ण विभागात धावपळ होते ती यांच्यामुळे.

ही पंगत मांडायचं सामान पुरवणाऱ्यांत एक मोठं नाव आपल्या घाटकोपरचं आहे. जी. एम. वारके यांनी सुरू केलेली हायमीडिया कंपनी. मॅकॉन्की असो की आणखी कुठलं माध्यम, त्याची कोरडी भुकटी डब्यात भरून ती देशभरातल्या प्रयोगशाळांत आणि परदेशातही पाठवते. लालबहादूर शास्त्री मार्गावर वाधानी इंडस्ट्रियल इस्टेट हा तिचा जुना पत्ता. त्या रस्त्यावरून बसनं जाताना आपण खिडकीतून मॉल बघतो, टॉवर बघतो, खड्डे तर बघतोच. पण जगभरच्या जंतूंच्या जेवणाची सोय या रस्त्यावरून झाली, हे कुठल्या कंडक्टरनं कधी सांगितलं नाही. डब्यावर कृतीही छापलेली असते : एक लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम भुकटी, उकळून विरघळवा, मग १५ पौंड दाबाखाली १२१ अंशांवर १५ मिनिटं. आपला घरचा कुकर शिट्टी मारतो तोही साधारण याच दाबाला. आजीनं ही कृती ऐकली आणि विचारलं, ‘मीठ कधी घालायचं?’ भाचीनं सांगितलं, ‘आधीपासून घातलेलं असतं.’ आजीचा त्या कंपनीवर विश्वास बसला.

खरं तर या शास्त्राचा निम्मा संसार स्वयंपाकघरातूनच उचललेला आहे. १८७० च्या दशकात योझेफ श्रोएटर या जर्मन शास्त्रज्ञानं रंगीत जंतूंच्या वसाहती वाढवल्या, त्या उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर. म्हणजे ज्या पदार्थावर निम्मी मुंबई दुपार काढते, त्यावर जंतूंनी आपल्याआधीच ताव मारला होता. पुढे बटाट्याच्या जागी जिलेटिन आलं. पण ते उन्हाळ्यात वितळायचं आणि काही जंतू तर टेबलासकट खायला लागल्यासारखे जिलेटिनच पचवून टाकायचे. १८८१ साली रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्टर हेसं यांनी ही अडचण घरी सांगितली. त्यांची बायको फॅनी हिची उन्हाळ्यातली जेली कधी वितळत नसे, कारण ती त्यात आगर घालायची. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून ती हे शिकली होती. तेच आगर आपल्या वाण्याकडे ‘चायनाग्रास’ म्हणून मिळतं. फॅनीबाईंच्या सूचनेनं सूक्ष्मजीवशास्त्र उभं राहिलं. कॉख यांनी १८८२ साली क्षयाच्या जंतूवरच्या निबंधात आगर वापरल्याचं लिहिलं, सुचवणारीचं नाव मात्र राहून गेलं. काही वर्षांनी त्याच प्रयोगशाळेतल्या पेट्रीनं झाकणाची बशी काढली आणि बशीला त्याचं नाव लागलं. बशी ज्याची त्याचं नाव, आत शिजवलं तिचं नाव नाही, हा नियम कुठल्या देशात पाळत नाहीत?

आपल्या मुंबईचा हातभार तर साजूक तुपाचा आहे. १८९६ साली शहरात प्लेग आला आणि वाल्डेमार हाफकीन लस बनवायला इथं आले. त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले ते बकऱ्याच्या मांसाच्या रश्शात. गाय किंवा डुक्कर वापरलं असतं तर लशीऐवजी दंगल झाली असती. त्या रश्शावर त्यांनी तुपाचे थेंब तरंगत सोडले. प्लेगचा जंतू त्या थेंबांच्या पोटाशी चिकटून खाली लोंबत वाढायचा आणि ती लोंबणारी वाढ ही त्याची ओळखच ठरली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकीन यांनी लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. रस्सा आणि वर तूप एवढं वाचूनच कोणीही मराठी माणूस पाट मांडून बसला असता. हाफकीन यांनी त्यातून लस काढली, हा त्यांच्या संयमाचा पुरावा आहे.

हल्लीची माध्यमं अधिक रंगेल आहेत. हायमीडियाच्या हायक्रोमसारख्या माध्यमांत साखरेला रंगाचा कण जोडलेला असतो. जंतूनं आपल्या विकरानं तो दुवा तोडला की रंग मोकळा होतो. विकर ज्याचं त्याचं वेगळं, म्हणून रंगही वेगळा. लघवीच्या तपासणीच्या एकाच प्लेटवर ई. कोलाय जांभळट ते राणी, एन्टेरोकॉकस बारीक निळा, क्लेबसिएला निळसर जांभळा आणि चिकट, प्रोटियस फिकट तपकिरी, स्टॅफिलोकॉकस सोनेरी. पॅरिसच्या क्रोमॅगर कंपनीच्या प्लेटवर हाच ई. कोलाय गडद गुलाबी आणि क्लेबसिएला चमकदार निळा. म्हणजे डबा बदलला की तोच इसम निराळ्या रंगात हजर. एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये नोकरी बदलणाऱ्यांना जुनी ओळख विसरून नव्यानं सगळ्यांशी परिचय करून घ्यावा लागतो.

इंग्रजी कॅटलॉगात या रंगांना पर्पल, मजेंटा, ब्लू अशी मोजकी नावं असतात. पैठणीच्या दुकानात वाढलेल्या बायकांना एवढ्यावर भागवा म्हणणं हा अन्याय आहे. भाचीच्या लॅबमध्ये सकाळी प्लेटा इन्क्युबेटरमधून बाहेर आल्या, की जे संभाषण चालतं ते मी एकदा फोनवरून ऐकलं.

‘ही वांगी रंगाची आहे का गं?’

‘वांगी कसली, जांभूळ आहे. वांगी काल होती, ती क्लेबसिएला निघाली.’

‘आणि कडेची ही?’

‘ही आमसुली वाटतेय, पण ट्यूबलाइटमध्ये नको बघूस. खिडकीत ने.’

रंग ट्यूबलाइटमध्ये बघायचा नसतो, हे भाचीला आजीनं दादरच्या साडीच्या दुकानात शिकवलं होतं. विद्यापीठानं तेच पुढे फी घेऊन शिकवलं. रिपोर्टवर सही करणारे डॉक्टर पुरुष आहेत. त्यांच्या दृष्टीनं जगात दोनच रंग : ‘ग्रोथ आहे’ आणि ‘ग्रोथ नाही’.

एवढं सगळं असूनही भाची रंगावर विश्वास ठेवत नाही. प्लेटवर गुलाबी ठिपका दिसला की आपण आरोपपत्र दाखल करू. ती वहीत ‘एलएफ’, म्हणजे लॅक्टोज खाणारा, एवढंच लिहिते आणि पुढच्या चाचण्यांना लागते : ऑक्सिडेज, इंडोल, सायट्रेट. मी विचारलं, ‘दिसतोय ना गुलाबी, मग अजून काय?’ ती म्हणाली, ‘मामा, गुलाबी म्हणजे नुसता संशय.’

आणि संशयाला कारणंही आहेत. शिगेला सोनाय नावाची जात पहिल्या दिवशी रंगहीन असते आणि दोनेक दिवसांनी सावकाश लॅक्टोज खाऊन गुलाबी होते. कॉलऱ्याचा जंतू टीसीबीएस नावाच्या हिरव्या माध्यमावर छान पिवळा उगवतो, पण प्लेट फ्रिजमध्ये ठेवली तर हिरवा पडू शकतो. सेराशिया मार्सेसेन्स खोलीच्या तापमानाला रक्तासारखा लाल असतो आणि शरीराच्या तापमानाला, ३७ अंशांवर, पुष्कळदा पांढरट. बाहेर रंगीत, घरात आल्यावर फिका, असे पुरुष आपल्याही माहितीत आहेत. ई. कोलायची ओ१५७ ही भयंकर जात साध्या मॅकॉन्कीवर इतर भावंडांसारखीच गुलाबी दिसते. लॅक्टोजऐवजी सॉर्बिटॉल वाढलं की मग ती एकटी फिकी राहते आणि पकडली जाते. म्हणून रंग कुठल्या माध्यमावर, किती तापमानाला आणि किती तासांनी पाहिला, हे सांगितल्याशिवाय लॅबमध्ये नुसत्या रंगाला काही किंमत नाही. प्लेट साधारण १८ ते २४ तासांत वाचायची. त्यानंतरचा रंग पुराव्यात धरत नाहीत.

नमुना प्लेटपर्यंत पोचेतोच उपनगर आपले रंग दाखवतं. लघवीचा नमुना दोन तासांत लावावा, नाहीतर थंड ठेवावा, असा नियम आहे, कारण ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. आता घाटकोपरहून अंधेरीला नमुना न्यायचा आहे असं धरा. मेट्रोनं वर्सोव्यापर्यंतचा सगळा मार्गच २१ मिनिटांचा, म्हणजे फार तर एकदा दुप्पट. पण नमुना आणणारा मुलगा पावसाळ्याच्या संध्याकाळी बाइकवरून अंधेरी-घाटकोपर लिंक रोडला लागला आणि दोन तास अडकला, तर सहा वेळा दुप्पट. कागदोपत्री चौसष्टपट. रस्त्यावर वाहन एक इंचही पुढे सरकत नाही आणि डब्यात लोकसंख्या वाढतेय. म्हणून बर्फाचा डबा. नाहीतर रिपोर्ट रुग्णाचा न येता लिंक रोडचा आला असता.

रिपोर्ट हाती आला की खरा विनोद सुरू होतो. त्यात लिहिलेलं असतं, ‘कॉलनी काउंट : मिलिलिटरमागे एक लाखाहून अधिक’. हिशोब साधा आहे. लूपमध्ये एक हजारांश मिलिलिटर मावतं. प्लेटवर शंभर ठिपके उगवले की मिलिलिटरला एक लाख, आणि सर्वसाधारणपणे तिथून पुढे संसर्ग गंभीरपणे घेतात. पण आमच्या सोसायटीतले एक ज्येष्ठ सभासद तो आकडा वाचून माझ्याकडे आले ते रिपोर्ट पंख्यासारखा हलवत. ‘एका मिलिलिटरमध्ये एक लाख कॉलन्या? एवढा एफएसआय दिला कोणी?’ आमच्या सोसायटीचा पुनर्विकास एफएसआयसाठी अडून बसलेला असल्यामुळे त्यांचा संताप मला समजला.

याच सोसायटीत गेल्या पावसाळ्यात रंगाचं मोठं प्रकरण झालं. दोन-तीन घरांत जुलाब सुरू झाले आणि सेक्रेटरींनी पाणी तपासायची छोटी बाटली आणली. आत औषधात भिजवलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, एक-दोन दिवस ठेवायचं. पाणी काळं झालं तर हायड्रोजन सल्फाइड सोडणारे जंतू आहेत, म्हणून मैल्याचा संशय. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली मांडलेली ही पद्धत स्वस्त आणि गावोगाव कामाची आहे. बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी काळी झाली आणि दुपारपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खटला निकालात निघाला. ए विंगनं बी विंगच्या ड्रेनेजला दोषी धरलं, बी विंगनं ए विंगमधल्या भाडेकरूंना. कोणीतरी बाटलीचा फोटो टाकला, त्यावर कोणीतरी लिहिलं की हा फोटो व्हॉट्सॲपवर काळा दिसतो, प्रत्यक्षात राखाडी आहे. तिसऱ्यानं ‘शुभ सकाळ’ टाकलं. भाचीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘काळी म्हणजे पाणी उकळून प्या, टाकी धुवा आणि नमुना लॅबला पाठवा. कोणाची चूक हे बाटली सांगत नाही.’ एवढं समंजस उत्तर ग्रुपवर कोणालाच नको होतं. टाकी धुतली. निघाला एक फुटका पाइप, तोही दोन्ही विंगच्या मधोमध. ग्रुपवर दोन दिवस शोककळा होती.

तर अशी ही आमची भाची सध्या लग्नाची आहे, आणि ताईनं तिची माहिती विवाहमंडळात दिली आहे. ‘उंची ५ फूट ३ इंच, एम. एस्सी., अंधेरी येथे नोकरी.’ पुढे ‘रंग :’ असा रकाना. ताईनं तिथं ‘गव्हाळ’ लिहिलं, कारण मराठी विवाहमंडळांत ‘सावळा’ हा रंग नसतो, गव्हाळानंतर थेट ‘अनुरूप’ येतो. बोरिवलीचं एक स्थळ बघायला आलं. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईनं भाचीकडे नीट निरखून पाहिलं, ताईकडे वळून म्हणाल्या, ‘फोटोत जरा उजळ वाटली होती.’

ताईचा चेहरा पडला. मेहुणे पंखा बघायला लागले. भाची मात्र कामावर असल्यासारखी शांत होती. म्हणाली, ‘काकू, फोटो ट्यूबलाइटमध्ये काढला होता. आणि आमच्याकडे रंग हा नुसता प्राथमिक अंदाज धरतात, तोही पहिल्या चोवीस तासांतला. पुढे खात्रीच्या चाचण्या कराव्या लागतात. मी माझे रिपोर्ट दाखवते, तुमच्या मुलाचेही आणलेत का?’

मुलाच्या आईनं पर्स उचलली. मुलगा, जो इतका वेळ काही बोलला नव्हता, तो हसायला लागला आणि आईनं बघताच थांबला. ‘कळवतो’ म्हणून मंडळी गेली. ताई दोन दिवस फोनपाशी बसून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं काळजीनं विचारलं, ‘अगं, काहीच आलं नाही गं त्यांच्याकडून?’

भाची डबा भरत होती. तिनं मान वर न करता रिपोर्ट दिला : ‘४८ तासांनंतरही ग्रोथ नाही. प्लेट टाकून दे.’